सीटी नॉर्मल, मिस्त्री नॉर्मल नाही

माझा धाकटा भाऊ मोटारी वाइंड करतो. सोलापुरात विजापूर रोडला त्याचं छोटं दुकान आहे. मंद्रूप, अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, कुठून कुठून शेतकरी जळालेल्या सबमर्सिबल घेऊन येतात. निम्मे कानडी बोलतात, हाही त्यांच्याशी कानडीतच बोलतो. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, पण खरं शिक्षण एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली झालेलं. जुनी कॉइल काढायची, वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, वहीत टिपायचं, स्टेटरच्या स्लॉटात पेपर बसवायचा, नवी कॉइल भरायची, कनेक्शन, वॉर्निश, सुकवणं. मोटार उघडली की तो आधी नाक जवळ नेऊन तिचा वास घ्यायचा आणि किती जळालीय ते सांगायचा. मीटर नंतर लावायचा.

उसाच्या हंगामात, रात्री घरी येताना, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. हेल्मेट नव्हतं. सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला याहून जास्त सांगायची गरज नाही.

कपाळाच्या मागे, मेंदूच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी मार होता, रक्त साकळलं होतं. ऑपरेशन लागलं नाही. आयसीयू, मग वॉर्ड, मग घर. पुढच्या सीटी स्कॅनमध्ये रक्त विरघळलेलं दिसलं. ‘सीटी आता नॉर्मल आहे, काळजीचं कारण नाही,’ असं आम्हाला सांगितलं गेलं. भावजय सिद्धेश्वराला नारळ फोडून आली. नातेवाईक येऊन बघून गेले, ‘देवानं वाचवलं’ म्हणाले, चहा पिऊन गेले. आणि मग हळूहळू घरात जे सुरू झालं, त्याबद्दल कुणाला काय सांगावं हेच कळेना.

मी जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारायची मला सवय आहे. गिऱ्हाइकं त्यामुळे वैतागतात. डिस्चार्ज कार्डावरही मला आधी आकडाच दिसला: जीसीएस १३. खाली एक शब्द: माईल्ड.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. १९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहॅम टिसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ही मोजणी मांडली आणि आज जगभरच्या कॅज्युअल्टीत ती चालते. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण १५. कमीत कमी ३, कारण प्रत्येक रकान्यात काहीच नसलं तरी १ द्यायचाच असतो. म्हणजे गेलेल्या माणसालाही ३ मिळतात. १३ ते १५ माईल्ड, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर. भावाचे तीन आणि चार आणि सहा. आवाज दिल्यावर डोळे उघडायचा, बोलणं गोंधळलेलं, सांगितलेली हालचाल करायचा.

या मोजणीत खोट काढायची नाही. रुग्ण खालावतोय की सुधारतोय हे रात्रपाळीच्या सिस्टरला आणि सकाळच्या डॉक्टरला एकाच भाषेत कळावं म्हणून ती आहे, आणि ते काम ती चोख करते. पण त्या रात्री त्याची शुद्ध किती होती एवढंच ती सांगते. सहा महिन्यांनी तो दुकान चालवू शकेल का, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. आमच्या घरात मात्र ‘माईल्ड’ हा शब्द निकालासारखा वापरला गेला. काकांनी तर त्याला तोंडावर ऐकवलं, ‘माईल्ड होतं म्हणे तुझं, मग आता नाटकं कशाला?’

नाटकं म्हणजे काय, तर हे. सकाळी दुकानात जायचा, एक मोटार उघडायचा, अर्धी कॉइल काढायचा, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं की ती सोडून दुसरी उघडायचा, मग तिसरी. संध्याकाळी दुकानभर उघड्या मोटारी आणि पूर्ण एकही नाही. हात मात्र तसेच. बसवलेली कॉइल बघा, एक तार इकडची तिकडे नाही. पण तांब्याची तार घरात असताना पुन्हा घेऊन आला, तीही उधारीवर. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला शिवी दिली. हा माणूस गिऱ्हाइकाला ‘अण्णा, बसा’ म्हटल्याशिवाय बोलायचा नाही. घरी पोरगी पाणी द्यायला उशीर करते म्हणून ताट सरकवलं, आणि दहा मिनिटांनी तिच्याशीच हसत पत्ते खेळत बसला. भावजयीला रागापेक्षा त्या हसण्याची भीती वाटायची.

विचारलं तर उत्तर एकच: ‘अक्का, मला काय झालंय? सगळं करलालोय की मी.’

वासाचं आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. शेंगा चटणीला चव नाही म्हणून तो भावजयीशी भांडत होता. कडक भाकरी, चटणी, वर तेल, हे त्याचं जेवण. आणि तो म्हणायचा भुसा खातोय. एके दिवशी दूध उतू जाऊन करपलं, अख्ख्या गल्लीला वास गेला, हा गॅसशेजारी उभा राहून फोनवर बोलत होता. नंतर समजलं की वासाच्या नसांचे बारीक धागे नाकाच्या वरच्या हाडाच्या चाळणीतून मेंदूच्या पुढच्या भागाखाली जातात. डोकं जोरात आपटलं, मेंदू आत पुढे-मागे हलला, की ते धागे तुटू शकतात. पुढच्या भागाला मार लागलेल्या माणसाचा वास जाणं ही नेहमी दिसणारी गोष्ट आहे, आणि घाईच्या तपासणीत राहून जाणारीही. डोळ्यांत टॉर्च मारतात, गुडघ्यावर हातोडी मारतात, नाकाखाली कॉफी धरायला सवड कुणाला असते? वास गेला म्हणजे मेंदूच्या त्या बाजूला काय काय झालं असेल याचा तो एक सुगावा असतो. आणि ज्याचं निदान वासावर चालायचं त्या मिस्त्रीचं तर ते हत्यारच गेलं.

न्यूरॉलॉजिस्टनी शेवटी न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट, म्हणजे मेंदूच्या माराचा लक्ष, आठवण, वागणं यांवर काय परिणाम झाला याची तपासणी, करून घ्या असं लिहून दिलं. ‘सायको’ हा शब्द वाचून घरात रणकंदन झालं, ते सोडून देते. आम्ही सोलापुरातच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे गेलो. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का हे मी आधी विचारलं; त्यांनी राग न मानता नंबर दाखवला. हे विचारायला कुणी लाजू नये. समुपदेशनाच्या पाट्या पुष्कळ असतात, पण या चाचण्या करणं आणि त्यांचा अर्थ लावणं हे वेगळं शिक्षण आहे.

मला वाटलं होतं कागद-पेन्सिल घेऊन बसवतील. पहिली बैठक बहुतेक बोलण्यातच गेली. शिक्षण किती? उजवा की डावरा? घरी कोणती भाषा? वेढे मोजताना कोणत्या भाषेत मोजतो? (मराठीत. कानडी गिऱ्हाइकांसाठी.) चष्मा आहे का, झोप कशी, दारू किती, आधी कधी डोक्याला मार लागला होता का, शाळेत नापास झाला होता का. औषधं कोणती. फिट येऊ नये म्हणून त्याला लेव्हेटिरासिटाम चालू होतं. ते काही जणांत चिडचिड वाढवतं, म्हणून मॅडमनी तिथेच न्यूरॉलॉजिस्टना चिठ्ठी लिहिली आणि आम्हाला बजावलं की मनानं एक गोळीही बंद करायची नाही, अचानक सोडली तर फिट येऊ शकते. म्हणजे राग मेंदूच्या माराचा किती, गोळीचा किती, झोप नसण्याचा किती, उदासीचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय पुढच्या गुणांना अर्थ नाही.

मग त्यांनी त्याला विचारलं, ‘अपघातानंतरची पहिली आठवण सांगा.’ त्यानं ट्रॉली सांगितली, ॲम्ब्युलन्स सांगितली. मॅडम म्हणाल्या, ‘हे तुम्हाला आठवतंय, की घरच्यांनी सांगितलंय?’ तो गप्प झाला. मग आम्ही खणत गेलो. आयसीयू नाही. वॉर्डातली पहिली बाजूची कॉट नाही. वॉर्डात तो बोलत होता, जेवत होता, स्वतःचं नाव-गाव बरोबर सांगत होता, भेटायला आलेल्या शेतकऱ्याला ‘मोटार नेली का’ म्हणून विचारत होता आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारत होता. सकाळ-दुपार-संध्याकाळ अशी सलग आठवण सुरू होते ती आठवड्याच्याही पुढे. या कोऱ्या काळाला आघातोत्तर विस्मृती म्हणतात. मार किती खोल होता हे सांगायला हा काळ चांगला आधार असतो: दिवसभराच्या आत असेल तर सौम्य, एक ते सात दिवस मध्यम, त्याहून जास्त असेल तर गंभीर, असा ढोबळ हिशोब. पहिल्या रात्रीच्या आकड्यानं माईल्ड असलेला माणूस या मापानं पार दुसऱ्या टोकाला गेला. त्या कोऱ्या काळात चाचण्या घेऊन उपयोग नसतो हेही तेव्हाच कळलं.

चाचण्यांच्या दिवशी मला बाहेर बसवलं. जवळच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून रुग्ण उत्तरं देतो, म्हणून. आत काय झालं ते मॅडमनी नंतर आम्हा दोघांना समजावून सांगितलं. चाचणीतले शब्द किंवा चित्रं मी इथे देणार नाही. पाठ करून गेलं की चाचणीच वाया जाते. पण पद्धत सांगायला हरकत नाही.

आकडे ऐकून तसेच सांगायचे, मग उलटे सांगायचे. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील तेवढे विचारतात. मध्ये दुसरी यादी घुसवतात, मग पहिली पुन्हा, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. यात किती आठवले याहून कसे आठवले हे बघायचं असतं. भाऊ दर फेरीला थोडा थोडा वाढत गेला, उशिरानं विचारल्यावर पुष्कळ गळाले, पण ‘हा शब्द यादीत होता का’ असं विचारल्यावर जवळजवळ सगळे ओळखले. म्हणजे शब्द आत गेले होते, साठलेही होते. मदतीशिवाय बाहेर काढता येत नव्हते. साठवण बिघडणं वेगळं आणि काढणं बिघडणं वेगळं, दोन्हींचे उपायही वेगळे.

१ ते २५ आकडे क्रमानं जोडायची एक चाचणी असते. परदेशात तिच्या दुसऱ्या भागात आकडा आणि इंग्रजी अक्षर आलटून पालटून जोडायला लावतात. ज्याला ए-बी-सी-डी बोटांवर नाही त्याची त्यात परीक्षा कसली होते? म्हणून अक्षरांऐवजी गुलाबी आणि पिवळ्या गोलांचे रंग आलटून पालटून जोडायची चाचणी आपल्याकडे घेतात. बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणी-संचात ती आहे. त्या संचाची मला पटलेली गोष्ट म्हणजे तुलना भारतीय लोकांशीच केलेली आहे, तीही वय, लिंग आणि शिक्षण बघून. दहावी-आयटीआय झालेल्या माणसाला एखाद्या अमेरिकन पदवीधराच्या शेजारी उभं करून मंद ठरवत नाहीत.

एक गुंतागुंतीची आकृती असते, आधी बघून काढायची, नंतर न बघता. माझ्या भावाचा हात सरळ रेघ मारणारा. प्रत्येक तुकडा बरोबर निघाला, पण त्यानं सुरुवात एका कोपऱ्यातल्या बारक्या तपशिलापासून केली आणि कागद संपत आला तेव्हा मोठा चौकोन मावेना. मॅडम दर थोड्या वेळानं त्याच्या हातात वेगळ्या रंगाची पेन्सिल देत होत्या, त्यामुळे कोणता भाग कधी काढला हे रंगावरूनच दिसत होतं. दुकानातल्या उघड्या मोटारींचं चित्रच ते.

आणि पत्त्यांची चाचणी. १९४८ साली विस्कॉन्सिनमध्ये ग्रँट आणि बर्ग यांनी तिच्याविषयी लिहिलं. पत्ते रंग, आकार किंवा संख्या यांपैकी कोणत्या तरी नियमानं लावायचे; नियम सांगत नाहीत, फक्त बरोबर की चूक एवढंच सांगतात. नियम सापडला की काही वेळानं तो गुपचूप बदलतात. भावानं रंगाचा नियम झटक्यात शोधला. बदलल्यावर मात्र तो रंगच धरून बसला. ‘चूक’, ‘चूक’, ‘चूक’ ऐकूनही रंगच. वर मॅडमना म्हणाला, ‘रंग नाही चालत आता, कळलं मला,’ आणि पुढचा पत्ता पुन्हा रंगावर लावला. हे ऐकताना भावजय रडायला लागली. तिला वाटत होतं तो मुद्दाम करतो. कळतं, सांगतो, कबूल करतो, आणि पुन्हा तेच. तिच्या मते याचा एकच अर्थ होता. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसलेल्यांत कळणं आणि करणं यांची अशी फारकत डॉक्टरांनी फार पूर्वीपासून नोंदवलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात उरल भागातल्या इस्पितळात जखमी सैनिकांवर काम करणारे सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांचा तर आग्रहच होता की किती चुकला यापेक्षा कसा चुकला ते लिहा.

गंमत म्हणजे एवढं सगळं होऊनही बऱ्याच चाचण्यांत त्याचे गुण ठीक आले. काही तर चांगले. रिपोर्टात पर्सेंटाइल असतात. १५ च्या खाली गेलं तर कमतरता धरतात. त्याच्या दोन-तीनच रकान्यांत ती होती. काकांनी एका ठिकाणी १० बघून ‘दहा टक्के! नापास!’ केलं, आणि दुसऱ्या ठिकाणी ६० बघून ‘फर्स्ट क्लास’. त्यांना समजावलं की १० पर्सेंटाइल म्हणजे त्याच्यासारखं वय-शिक्षण असलेल्या शंभर जणांना रांगेत उभं केलं तर साधारण दहा जण त्याच्या मागे असतील; शंभरपैकी दहा मार्क नव्हेत. त्यांनी मान डोलावली. नंतर बाहेर जाऊन सगळ्यांना नापासच सांगितलं.

मला मात्र वेगळा प्रश्न पडला होता. साठ पर्सेंटाइलवाल्याचं दुकान का बुडतंय? याचं उत्तर दुकानात भावाच्या हाताखाली काम करणाऱ्या पोरानं दिलं, मॅडमच्या आधी. तो म्हणाला, ‘अक्का, नो-लोडला चांगली चाललीय मोटार. लोड आला की ट्रिप होते.’

नो-लोड म्हणजे मोटार कामाला न जोडता नुसती फिरवणं, ट्रिप म्हणजे बंद पडणं. अगदी तेच. शांत खोली, समोर एकच माणूस, एका वेळी एकच काम, सुरुवात कधी करायची आणि थांबायचं कधी हे सांगणारं कुणीतरी. पुढच्या मेंदूचं जे काम, ते तिथे मॅडमच करून देत होत्या. टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये लंडनमधून अशाच तीन रुग्णांबद्दल लिहिलं. खोलीतल्या चाचण्यांत बरे, बाहेर आयुष्य विस्कटलेलं. त्या दोघांनी त्यांना बाजारात नेलं. थोडी खरेदी, थोडी चौकशी, अमुक वेळी अमुक ठिकाणी हजर राहायचं, आणि काही नियम. तिथे ते गडबडले.

मॅडमनी आमच्यासाठी तसंच काहीतरी नवी पेठेत रचलं. अधिकृत चाचणी नव्हे, तिचे गुण रिपोर्टात नाहीत, फक्त निरीक्षण आहे. हातात यादी: सुतळीचा गुंडा आणायचा, शेंगदाण्याचा आजचा भाव विचारून लिहायचा, एक पोस्टकार्ड घ्यायचं, एका दुकानाची बंद व्हायची वेळ काढायची, आणि बरोबर साडेपाचला मधल्या मारुतीपाशी मला भेटायचं. नियम असे: एका दुकानात दोनदा जायचं नाही, दोनशेच्या वर खर्च नाही, काही घेतल्याशिवाय दुकानात शिरायचं नाही, चौकशी असेल तर बाहेरूनच. मी आणि दुकानातला पोरगा मागे मागे.

यादी त्यानं वाचली, नियम आम्हाला पाठ म्हणून दाखवले. सुतळी घेतली, झकास घासाघीस करून. शेजारी मिक्सर दुरुस्तीवाला. तिथे थांबला, आत गेला, मिक्सरची आर्मेचर हातात घेऊन त्या माणसाला समजावत बसला. यादी खिशात. बाहेर आला तो सुतळीच्याच दुकानात पुन्हा, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. मग एका हातगाडीवर मुलीसाठी क्लिपा आणि फुगा. दोनशे ओलांडले. साडेपाचला तो दत्त चौकाच्या बाजूला उसाचा रस पीत होता, घड्याळ हातात होतं. पोरगा पुढे झाला तेव्हा म्हणाला, ‘अरे, अक्का कुठंय?’ संध्याकाळी मॅडमनी विचारलं, कसं झालं? ‘चांगलं झालं. थोडं राहिलं.’

त्याच आठवड्यात एक फॉर्म भरायचा होता, रोजची कामं किती जमतात असा. एक प्रत तो भरतो, एक घरचं माणूस, एकमेकांना न दाखवता. त्यानं बहुतेक सगळीकडे ‘सहज’ लिहिलं, भावजयीनं ‘जमत नाही’. या दोन कागदांमधलं अंतर हेच एक माप असतं. तो खोटं बोलत नाही. स्वतःतला बिघाड ओळखणारी यंत्रणाच मार खाल्लेल्या जागेत बसते.

या विषयावर काहीही वाचायला घेतलं की फिनिअस गेज येतोच. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतलं व्हरमाँट, रेल्वेसाठी खडक फोडताना सुरुंगाच्या स्फोटानं लोखंडी पहार गालाखालून शिरून डोक्यातून बाहेर गेली, पंचवीस वर्षांचा मुकादम जगला, पण स्वभाव असा पालटला की मित्र म्हणाले हा गेज नव्हेच. गोष्ट इथे थांबवतात, कारण इथे ती भारी वाटते. त्याच्यापुढचं मला जास्त कामाचं वाटलं: तो पुढे चिलीला गेला आणि तिथे कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, ठरलेलं काम. १८६० मध्ये वारला. कामाची आखणी आणि शिस्त बाहेरून मिळाली तर असा माणूस काम करू शकतो, असं काही संशोधक त्यावरून म्हणतात. आमच्या मॅडमनी जे लिहून दिलं तेही त्याच वाटेचं निघालं.

त्यासाठी त्यांना सगळ्यात उपयोगी पडली ती चाचणी नव्हे, दुकानाची वही. अपघाताआधी भाऊ कसा होता हे मोजलेलं कुठेच नसतं. शिक्षण, नोकरी, घरच्यांचं बोलणं यावरून अंदाज बांधावा लागतो. मी त्याच्या जुन्या आणि नव्या दोन्ही वह्या नेल्या होत्या. जुन्या वहीत प्रत्येक मोटारीला एक पान: एचपी, स्लॉट, वेढे, गेज, पिच, आल्याची तारीख, दिल्याची तारीख, बाकी. नव्या वहीत एका पानावर चार मोटारी, तारखा गायब, कुणाचे वेढे कुणाच्या नावापुढे. पण लिहिलेले वेढे बरोबर. मॅडम चष्मा वर करून बराच वेळ ती पानं उलटत राहिल्या. असेसमेंटला जाणाऱ्यानं स्कॅनच्या फायलीबरोबर असं काहीतरी जरूर न्यावं: हिशोबाची वही, शाळेचं प्रगतिपुस्तक, जुन्या पत्रांतलं अक्षर, काहीही.

अपघाताचा दावा चालू आहे, त्यामुळे एक गोष्ट ओघात सांगते. दावा असला की माणूस मुद्दाम चुकीची उत्तरं देतोय का हे तपासायच्याही चाचण्या असतात. पन्नास चित्रं दाखवून नंतर दोन-दोनमधून आधी पाहिलेलं ओळखायला लावणं, असा एक प्रकार. दिसायला अवघड, प्रत्यक्षात सोपं. मेंदूला मार लागलेलेही बहुतेक वेळा ती पार करतात. म्हणून बरीच चुकली तरी शंका घेतात. डोळे झाकून बोट ठेवलं तरी निम्मी बरोबर येतात, त्याहूनही बरीच कमी आली तर मुद्दाम चुकवल्याचाच संशय पक्का होतो. भाऊ त्यात व्यवस्थित निघाला. वकिलांना आनंद झाला. आणखी एक: सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सांगितलंय की शरीराचं अपंगत्व किती टक्के यावरून कमाई तेवढेच टक्के बुडाली असं धरायचं नाही, त्या माणसाचं काम काय होतं ते बघायचं. हातपाय धड असलेल्या मिस्त्रीच्या बाबतीत हा निकाल हाताशी हवाच. वकिलांना तो माहीत होता, पण न्यूरोसायकॉलॉजीचा रिपोर्ट त्याला जोडता येतो हे त्यांना मी सांगितलं.

सध्याची व्यवस्था अशी. फोन भावजयीकडे. गिऱ्हाईक आधी तिच्याशी बोलतं, भाव ती सांगते, तारीख ती देते. दुकानात टेबलावर एकच मोटार असते. बाकीच्या मागच्या खोलीत, कुलपात, किल्ली पोराकडे. भिंतीवर फळा, त्यावर कामाच्या पायऱ्या, झाली की खूण. तार आणायची ती भावजयीच्या सहीनं. गॅसगळतीचा अलार्म बसवलाय. वासाचं काम मीटर करतो, आणि पोरगा नाक लावून सांगतो, ‘जळालीय मिस्त्री, पूर्ण.’ महिन्याला आधीच्यापेक्षा कमी मोटारी होतात, पण होतात. शिव्या कमी झाल्यात. गोळी बदलल्यामुळे की फळ्यामुळे, ते कुणी सांगू शकत नाही. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो, नंतरही दोनेक वर्षं काही ना काही होत राहतं, म्हणून वर्षानं पुन्हा चाचण्या घ्यायच्या आहेत. त्या वेळी शब्दांची यादी वेगळी असेल, कारण सरावानंही गुण वाढतात आणि ती सुधारणा नव्हे.

भांडण राहिलंय ते मोटारसायकलचं. त्याला ती चालवायची आहे. तो म्हणतो, हात-पाय-डोळे सगळं ठीक आहे, आणि ते खरंच आहे. मॅडम म्हणतात, एका वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवायच्या रकान्यात तो अजून खाली आहे, पुढच्या चाचणीपर्यंत थांबा. काका म्हणतात, माईल्ड होतं ना, मग द्या की. चावी माझ्या ऑफिसच्या कपाटात आहे आणि दर रविवारी तो ती मागायला येतो. मी चहा करते, देत नाही. गेल्या रविवारी जाताना म्हणाला, ‘अक्का, तुझी पण टेस्ट करायला पाहिजे. एकच नियम धरून बसलीयस.’